दिव्यांग उमेदवारांना नोकरीतला वाटाड्या मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की ठिकठिकाणी दिव्यांगांसाठी रोजगार मेळावे भरतात. टेबले मांडली जातात, अर्ज भरून घेतले जातात, दुसऱ्या दिवशी आपल्यासारख्या वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. मेळाव्याला आलेल्या बहुतेक मुलामुलींच्या फायलीत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) असते, पदवी असते, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असते. पण ज्या कामासाठी अर्ज करायचा ते काम रोज करणारे एकही माणूस त्यांच्या ओळखीचे नसते. इतर उमेदवारांना मामा, शेजारचे काका, मोठ्या भावाचा मित्र अशा कुणाकडून तरी कचेरीतली आतली माहिती मिळते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत घरचे आणि नातेवाईक दवाखाना, दाखले आणि पेन्शन यांतच अडकलेले असतात. ‘तू अमुक नोकरी कर, मी तुला त्या खात्यातल्या माणसाकडे नेतो’ असे त्याला कुणी म्हणत नाही. या जागी मार्गदर्शक, म्हणजे हल्ली ज्याला मेंटॉर म्हणतात ते माणूस, कसे मिळवावे आणि त्याच्याकडून काय शिकावे, हे या पत्रातून मांडत आहोत.

असा मार्गदर्शक एकटा सर्व सांगू शकत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. कामातले बारकावे त्या कामातलाच माणूस सांगतो, मग तो दिव्यांग असो वा नसो. अपंगत्वासह ते काम कसे उरकायचे, हे तसेच अपंगत्व असलेला नोकरदार सांगतो. हिशेब विभागातल्या डोळस माणसाला बिले कशी तपासतात हे चांगले ठाऊक असते, पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र, ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वाचत नाही, हे त्याला माहीत नसते. अंध कर्मचाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कळलेले असते. आपल्या कचेऱ्यांत युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलेली मराठी पत्रे अजून फिरतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ती उघडली की अर्थहीन अक्षरे वाचू लागतो. अशा वेळी फाइल रूपांतरित कशी करायची आणि पाठवणाऱ्याला ‘युनिकोडमध्ये पाठवा’ असे कोणत्या शब्दांत सांगायचे, हे अनुभवी माणसाकडूनच शिकता येते. म्हणून कामातला एक माणूस नियमित भेटीसाठी धरावा आणि आपल्यासारखे अपंगत्व असलेल्या एका-दोघांशी अधूनमधून बोलावे. दोघांपैकी एकच मिळत असेल तर आमच्या मते कामातला माणूस आधी धरावा.

कर्णबधिर उमेदवारांसाठी मात्र आम्ही उलटे सांगू. त्यांनी आधी नोकरीत असलेला कर्णबधिर ज्येष्ठ शोधावा. कारण भाषेचे आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीपेक्षा वेगळे असल्याने अनेक कर्णबधिर मुलांच्या लेखी मराठीत शब्दांचा क्रम बदलतो, विभक्तीचे प्रत्यय गळतात. ऐकू येणारा माणूस ते वाक्य वाचून मुलाची समजच कमी आहे असा निष्कर्ष काढतो आणि त्याला साध्यातले साधे काम सुचवतो. सांकेतिक भाषेत तोच मुलगा यंत्राची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने अचूक समजावून सांगतो. त्याची खरी कुवत त्या भाषेत बोलणाऱ्या माणसालाच दिसते. कामातल्या ऐकू येणाऱ्या माणसाची भेट दुसऱ्या टप्प्यावर घ्यावी, दुभाषी किंवा तो ज्येष्ठ सोबत असताना, नाहीतर लेखी गप्पांतून. फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखे बोलणे लिहून दाखवणारे ॲप मराठीतही चालते. समोरच्याने सावकाश आणि एका वेळी एकानेच बोलले तर त्याचा चांगला उपयोग होतो.

अशी माणसे मिळतात कुठे? मुंबई-पुण्यात संस्था आहेत. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्‌ व श्रवण दिव्यांगजन संस्था, वरळीचे राष्ट्रीय अंधजन मंडळ, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांचे संसाधन केंद्र, पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही नावे बहुतेकांना माहीत आहेत. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसचे दिव्यांगांसाठीचे केंद्र मुंबईत आहे. पूर्वी त्याला व्यावसायिक पुनर्वसन केंद्र म्हणत. उमेदवाराला कोणते काम जमेल याची तपासणी तिथे होते. पण अक्कलकोटच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाने दर पंधरवड्याला मुंबई गाठावी, हे शक्य नाही. त्याने आपल्या तालुक्यातच पाहावे.

आणि तालुक्यात माणसे आहेत. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६मध्ये लागू झाला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव झाल्या. २०१६च्या कायद्याने हे प्रमाण ४ टक्के केले. त्या पहिल्या वर्षांत पंचविशीत नोकरीला लागलेले लोक आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा, पंचायत समिती, तहसील, राष्ट्रीयीकृत बँका, पोस्ट, रेल्वे इथे तीस-तीस वर्षे काम केलेले अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर कर्मचारी आहेत. हा अनुभवाचा मोठा साठा त्यांच्यासोबत घरी बसणार आहे. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. विचारले तर बहुतेक जण आनंदाने वेळ देतात. त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जावे, माजी विद्यार्थी कुठे लागले हे त्यांना तोंडपाठ असते. दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या जिल्हा संघटनेचे पदाधिकारी, महाविद्यालयाचा प्लेसमेंट विभाग आणि बँकेतले निवृत्त कर्मचारी हेही उपयोगी पडतात. खासगी क्षेत्रासाठी लिंक्डइनवर कंपनीचे नाव, पद आणि आपले महाविद्यालय असा शोध घ्यावा. एकाच महाविद्यालयाचे नाव निघाले की अनोळखी माणूसही उत्तर देतो.

विचारताना होणारी चूक म्हणजे ‘सर, मी दिव्यांग आहे, कृपया नोकरी लावून द्या’ असा संदेश आणि सोबत अपंगत्वाच्या दाखल्याचा फोटो. नोकरी लावणे त्या माणसाच्या हातात नसते, त्यामुळे त्याला अवघडल्यासारखे होते आणि तो उत्तरच देत नाही. थोडा वेळ आणि एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर मागावे. नमुना असा:

‘नमस्कार. मी सोलापूरचा, बी.कॉम. झालो आहे. माझी दृष्टी कमी आहे. संगणकावर अक्षरे मोठी करून आणि एनव्हीडीए लावून काम करतो. तुम्ही हिशेब विभागात आहात असे महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत पाहिले. कागदी बिल वाचून नोंद करण्याचा भाग अल्पदृष्टी माणसाने कसा सांभाळावा, हे तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे. २० मिनिटे फोनवर बोलता येईल का? मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी ६ नंतर मला जमेल, नाहीतर तुम्ही सांगाल ती वेळ.’

यात अपंगत्व एका वाक्यात आले आहे आणि त्याच वाक्यात काम कसे होते हेही आले आहे. एवढे पुरे. असा संदेश एकाला नव्हे, पाच जणांना पाठवावा. आठ दिवसांत उत्तर नाही आले तर एकदाच आठवण करावी आणि सोडून द्यावे. ‘माझे मार्गदर्शक व्हाल का’ हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारू नये. दोन वेळा बोलणे झाले, त्यांनी सांगितलेले करून दाखवले, की मग म्हणावे, ‘सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास द्याल का?’ मुदत ठरलेली असली की समोरच्यालाही हो म्हणणे सोपे जाते. सहा महिन्यांत अशा बारा-तेरा भेटी होतात आणि त्या पुरतात.

इथे एक सावधगिरी. खरा मार्गदर्शक पैसे मागत नाही, मूळ कागदपत्रे ठेवून घेत नाही, ओटीपी विचारत नाही. ‘दिव्यांग कोट्यातली जागा आहे, साहेबांशी बोलणे झाले आहे’ असे म्हणणारा दलाल असतो, त्याच्याशी तिथेच संबंध तोडावा. आधार आणि यूडीआयडीच्या प्रती मार्गदर्शकाला देण्याचे कारणच नाही. मुलींनी भेट कचेरीत, वाचनालयात किंवा व्हिडिओ कॉलवर ठेवावी. सोबत आई-वडील असायला हरकत नाही, फक्त उत्तरे मुलीने द्यावीत. वडील तिच्या वतीने बोलू लागले की समोरच्याला तिचा अंदाज येत नाही आणि ती पुढच्या वेळी गप्पच बसते. हे आम्ही पालकांना कळकळीने सांगतो.

पहिल्या भेटीला एका पानाचा बायोडेटा आणि आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या तीन जाहिराती न्याव्यात. सरकारी जाहिरातीतली दिव्यांगांविषयीची ओळ वाचायला शिकणे, हा पहिला धडा. ‘ओए’ म्हणजे एका हाताचे अपंगत्व, ‘ओएल’ म्हणजे एका पायाचे, ‘बीएल’ दोन्ही पायांचे, ‘एलव्ही’ अल्पदृष्टी, ‘एचएच’ कमी ऐकू येणे. त्याशेजारी कामाची गरज सांगणारी दुसरी अक्षरे असतात: ‘एस’ बसून काम, ‘एसटी’ उभे राहून, ‘डब्ल्यू’ चालणे, ‘बीएन’ वाकणे, ‘एल’ उचलणे, ‘एमएफ’ बोटांनी हाताळणे, ‘आरडब्ल्यू’ लेखन-वाचन, ‘एसई’ पाहणे, ‘एच’ ऐकणे, ‘सी’ संवाद. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी पदसुनिश्चितीची, म्हणजे कोणते पद कोणत्या अपंगत्वाला योग्य हे ठरवणारी, सुधारित यादी प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक पदासमोर ही अक्षरे आहेत. अनेक उमेदवार फक्त आपल्या अपंगत्वाचा प्रकार पाहून अर्ज करतात आणि ‘एसटी’, ‘डब्ल्यू’, ‘एल’ या गरजा बघतच नाहीत. कागदपत्र पडताळणीत हे पुढे येते, तोवर परीक्षेच्या अभ्यासात वर्ष गेलेले असते. उलटही घडते. घरचे म्हणतात, ‘तुला हे झेपणार नाही’, आणि यादीत ते पद त्याच्यासाठी खुले असते.

मग त्या पदाचे काम तुकड्यांत फोडावे. लिपिकाचे उदाहरण घेऊ. आवक टपाल नोंदवणे, फायली शोधून आणणे, टंकलेखन, टिपणी लिहिणे, फोन घेणे, लोकांशी बोलणे. कागदावर तीन रकाने आखावेत: हे मी स्वतः करतो, हे साधन वापरून करतो, यासाठी कचेरीने व्यवस्था करावी लागेल. एकाच हाताने टंकलेखन करणाऱ्या मुलाला शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबता येत नाही. विंडोजमध्ये शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू होते आणि त्या कळा एकामागून एक दाबता येतात. हे दुसऱ्या रकान्यात गेले. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून आपला वेग आजच मोजावा. वरच्या कपाटातल्या फायली व्हीलचेअरवरून निघत नाहीत. त्या खालच्या कप्प्यांत ठेवता येतात, ही तिसऱ्या रकान्यातली व्यवस्था, आणि तिला एक पैसाही लागत नाही. हा तक्ता भरताना मार्गदर्शकाने पेन आपल्या हातात घेऊ नये. तो जे लिहील ते उमेदवाराला मुलाखतीत सांगता येणार नाही.

व्यवस्था मागायची तर मापासह मागावी. ‘रॅम्प हवा’ म्हटले की कुणीतरी गवंड्याला सांगून पायरीवर फरशी तिरकी टाकून देतो, आणि त्यावर व्हीलचेअर मागे उलटायची भीती असते. उताराचे प्रमाण १ला १२ असावे लागते. म्हणजे सहा इंच उंचीच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा उतार हवा. दारातून आत जायला साधारण ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी हवी. हे आकडे पत्रात लिहिले की समोरच्या अधिकाऱ्यालाही काम करवून घेणे सोपे होते. २०१६च्या कायद्याच्या कलम २०नुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला अशा वाजवी सोयी द्यायच्या आहेत. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, पण २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदे, सोयीसुविधा आणि नेमलेला संपर्क अधिकारी यांचा उल्लेख हवा. मुलाखतीचे बोलावणे आले की ‘तुमचे समान संधी धोरण कुठे पाहता येईल?’ असे नम्रपणे विचारावे. उत्तर कसे येते यावरून कंपनीची तयारी कळते. मनोरुग्ण असलेल्या किंवा वरून न दिसणारे अपंगत्व असलेल्या उमेदवाराने हे कधी आणि कुणाला सांगायचे, हा निर्णय सर्वस्वी त्याचा. मार्गदर्शकाने त्याविषयी बाहेर एक अक्षर बोलू नये, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.

लेखी परीक्षेत लेखनिक घेणाऱ्यांना तासाला २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा वेळ वाटतो तितका मोठा नसतो. आकडेमोड तोंडी सांगून करून घेणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि त्याचा सराव दुसऱ्या माणसासोबतच होतो. दोन भेटी त्यासाठी राखून ठेवाव्यात.

मुलाखतीची तालीम मात्र चार-पाच वेळा व्हायला हवी. ‘तुम्ही हे काम कसे करणार?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर बोलून देण्याऐवजी करून दाखवावे. अंध उमेदवाराने लॅपटॉप न्यावा, इअरफोन काढावा, एक्सेलची फाइल उघडून दोन मिनिटांत बेरीज करून दाखवावी. स्क्रीन रीडरचा वेग आधी कमी करावा. सवयीचा वेग इतका जास्त असतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट वाटतो आणि परिणाम उलटा होतो. कर्णबधिर उमेदवाराने बायोडेटात मोबाइल क्रमांकापुढे ‘फक्त मेसेज, फोन नको’ असे ठळक लिहावे. कंपन्या निवडीचा पहिला फोन करतात, तो उचलला जात नाही किंवा घरातले कुणी उचलून ‘त्याला ऐकू येत नाही’ एवढेच सांगते, आणि नाव यादीतून जाते. मुलाला ते कधी कळतही नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्याने मुलाखत कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, तिच्यापर्यंत पोचायला पायऱ्या आहेत का आणि स्वच्छतागृहात खुर्ची जाते का, हे आदल्या दिवशी विचारावे.

बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न तरुणांना पाऊण तासाच्या गप्पांचा फार उपयोग होत नाही. त्यांना कामाच्या जागी शेजारी उभे राहून एकेक पायरी दाखवणारा माणूस लागतो, तोही हळूहळू मागे सरकत जाणारा. त्याची सोय संस्थांमार्फतच होऊ शकते.

नोकरी लागली की भेटी थांबतात, ही मोठी चूक. पहिले तीन महिने फार नाजूक असतात. मागितलेले सॉफ्टवेअर आलेले नसते, सहकारी काम देत नाहीत कारण ‘त्याला त्रास नको’, आणि नवा कर्मचारी दिवसभर रिकामा बसून खचतो. रिकामे बसवणे हा अपमान आहे आणि तो गोड बोलून केला जातो. अशा वेळी वरिष्ठांकडे तोंडी तक्रार करण्याऐवजी ‘मला अमुक अमुक तीन कामे येतात, सोमवारपासून द्यावीत’ अशी चार ओळींची ईमेल लिहायला मार्गदर्शक शिकवू शकतो. म्हणून सहा महिन्यांची मुदत नोकरीच्या शोधात संपली तरी रुजू झाल्यावरचे तीन महिने दर आठवड्याला दहा मिनिटांचा फोन ठेवावा.

हे सर्व एकेका उमेदवाराने आपल्या हिमतीवर करावे, एवढेच म्हणून चालणार नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. राज्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे आहेत, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. या दोघांनी मिळून प्रत्येक जिल्ह्यात नोकरीत असलेल्या आणि निवृत्त झालेल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची, त्यांच्या संमतीने, एक वही ठेवावी: पद, अपंगत्वाचा प्रकार, वापरत असलेली साधने, महिन्याला किती तास देऊ शकतील. नावे आणि फोन केंद्राकडे राहतील, जोडी केंद्र लावून देईल. याला इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही. एका कर्मचाऱ्याकडे जबाबदारी द्यावी लागेल आणि दर तिमाहीला किती जोड्या लागल्या, किती टिकल्या हे पाहावे लागेल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. नोकरीविषयक पानावर भरतीच्या बातम्या संक्षिप्त करताना दिव्यांगांची ओळ बहुधा गाळली जाते. एकूण जागा येतात, वयोमर्यादा येते, शेवटची तारीख येते. त्यात ‘दिव्यांगांसाठी राखीव जागा इतक्या, प्रकार अमुक’ एवढी एक ओळ छापावी, आणि आपल्या संकेतस्थळावर मूळ जाहिरातीच्या चित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, म्हणजे अंध वाचकांना तो ऐकता येईल. पुढच्या आठवड्याच्या पानापासून हे सुरू करता आले तर अनेकांचे अर्ज मुदतीत जातील.

कळावे,
दिव्यांग उमेदवारांच्या रोजगार मार्गदर्शनाचे काम करणारे कार्यकर्ते, सोलापूर